नववी-दहावीतलं मूल: सवलत परीक्षेची मिळेल, पण वर्गात शिकवणार कोण?

गोदाकाठ (नाशिक)
१४ जून, रात्री १०:५०

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

लेक उद्यापासून नववीत. मराठी माध्यम. तिसरीत असताना वाचताना आणि आकड्यांत फार अडखळायचा म्हणून तपासण्या केल्या. डिस्लेक्सिया आणि डिस्कॅल्क्युलिया दोन्ही निघालं. नऊ वर्षांचा असताना प्रमाणपत्र मिळालं. सातवीपर्यंत निभावलं, कारण वर्गाच्या बाई एकच, बहुतेक विषय त्याच शिकवायच्या आणि त्यांना हा कळला होता. प्रश्न वाचून दाखवायच्या, उत्तर तोंडी घ्यायच्या. आठवीपासून हायस्कूल सुरू झालं. दर पस्तीस मिनिटांनी नवे सर, नव्या बाई. प्रत्येकाचा विषय ठरलेला आहे, पण मूल कुणाचंच नाही.

काल त्याची आठवीची विज्ञानाची वही चाळत होते. प्रत्येक पानावर वरच्या तीन-चार ओळी लिहिलेल्या, खाली अर्धं पान कोरं, मग पुढचं शीर्षक. विचारलं, हे कोरं का सोडलंस? म्हणाला, "बाई फळा पुसतात ना. नंतर कुणाची तरी वही आणून भरीन म्हणून जागा ठेवतो." अख्ख्या वर्षात एकही जागा भरलेली नाही. ती वही मिटून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

पोरगा मठ्ठ नाही. मार्चमध्ये आमचा मिक्सर बंद पडला तर त्याने खालचं झाकण उघडलं, कार्बन ब्रश झिजलाय हे शोधलं, दुकानातून नवी जोडी आणून बसवली. मग ओट्यावर बसून मोटर कशी फिरते ते मला समजावून सांगितलं. त्याच आठवड्यात विजेच्या धड्यावरच्या चाचणीत वीसपैकी चार.

शाळेत जाऊन बोलले. मुख्याध्यापक सर चांगलं बोलले. "ताई, काळजी करू नका, दहावीला जादा वेळ मिळेल, लेखनिक मिळेल, कॅल्क्युलेटर मिळेल. पोरगा निघेल." मी विचारलं, आणि तोवर वर्गात? तर म्हणाले, शिकवणी लावा.

आता माझे प्रश्न. जुनं प्रमाणपत्र चालेल का? गणिताऐवजी सातवीचं अंकगणित घ्यावं असं दोघांनी सुचवलंय, ते घ्यावं का? आणि तिसरं, खरं तेच विचारायचंय. परीक्षेचं सगळे सांगतात. रोज सहा तास वर्गात बसतो, त्याचं काय करायचं? शाळेकडे नेमकं मागू काय?

आणखी एक. ह्यांना दिव्यांग कार्ड काढायचं नाहीये. म्हणतात, दिसायला काही नाही, उगाच पोराच्या कपाळावर शिक्का कशाला. मी मध्ये सापडलेय.

---

पाटी_पेन्सिल
१५ जून, सकाळी ७:१५

गोदाकाठताई, मी विशेष शिक्षिका आहे, सतरा वर्षं झाली, त्यातली बरीचशी करारावर. तुमच्या लेकाच्या वहीचं वाचलं आणि माझ्या डोळ्यांपुढे अशा किती वह्या आल्या.

प्रमाणपत्राचं आधी, कारण ते वेळखाऊ आहे. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेचं (डिस्लेक्सिया, डिस्कॅल्क्युलिया त्यातलेच) प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळतं, चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, अठराव्या वर्षी पुन्हा. अठराव्या वर्षीचं मात्र कायमचं. म्हणजे तुमचा नऊ वर्षांचा असतानाचा कागद आता पुरणार नाही, पुन्हा तपासून घ्या. स्वावलंबन पोर्टलवर (दिव्यांग कार्डाचं सरकारी संकेतस्थळ) अर्ज भरा आणि जिल्हा रुग्णालयात तारीख घ्या. आधी डोळे आणि कान बघतात, मग बुद्ध्यंक, मग वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या. एका फेरीत होत नाही. तज्ज्ञ नसले तर मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवतात. मुंबईकडच्यांना सायन आणि नायर ही नावं माहीत असतीलच. हे सगळं आत्ता, नववीच्या जूनमध्ये करा. दहावीच्या जानेवारीत फायली घेऊन रडवेल्या चेहऱ्याने फिरणाऱ्या आया मी दरवर्षी बघते.

आता तुमचा तिसरा प्रश्न. तो विचारणारे पालक फार थोडे भेटतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यातला एक. (१९९५ च्या कायद्यात सातच होते, हा नव्हता. आपल्या राज्याने दहावीला या मुलांना सवलती द्यायला मात्र १९९६ मध्येच सुरुवात केली होती, हे आवर्जून सांगते.) या कायद्यातलं कलम १७ सगळ्यांना पाठ असतं, कारण जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे त्यात आहे. पण त्याच्या आधीचं कलम १६ कुणी उघडत नाही. ते मान्यताप्राप्त आणि अनुदानित शाळांना लागू आहे. त्यात लिहिलंय की मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या, त्याला वैयक्तिक आधार द्यायचा, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून शिकवण्याचे योग्य उपाय करायचे आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याची प्रगती तपासत राहायची. शिकवण्याचे, ताई. नुसती परीक्षा नाही. शाळेत जाताना कलम १६ ची प्रत हातात ठेवा.

आणि खरं तेही सांगते. किती दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा ते ठरवा, असं २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितलं. २०२२ मध्ये केंद्राने प्राथमिकला दहा आणि उच्च प्राथमिकला पंधरा मुलांमागे एक असं ठरवलं. माझ्याकडे अख्ख्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळा आहेत. हायस्कूलच्या एका मुलाजवळ मी पंधरा दिवसांतून एकदा पोचते, तेही त्याचा एखादा तास बुडवून. तेवढ्यात मी त्याला शिकवू शकत नाही. त्याच्या सर-बाईंना दोन गोष्टी सांगू शकते, एवढंच. म्हणून विषयशिक्षकांना सोबत घेतल्याशिवाय मार्ग नाही.

---

रानवारा (यवतमाळ)
१५ जून, रात्री ९:०५

आमची लेक दहावीत आहे जी. दोन्ही कानांना मशीन. तुमच्या पोराचं वेगळं, हिचं वेगळं, पण वर्गातली गोष्ट सारखीच वाटली म्हणून लिहितो.

आठवीत तिला पंख्याखालच्या बाकावर बसवलं होतं. आम्हाला वाटे पहिला बाक दिला, चांगलं झालं. एक दिवस तीच म्हणाली, बाबा, मशीनला सरांच्या आधी पंखा ऐकू येते. गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलत. तिला ओठ दिसले नाहीत की अर्धं वाक्य गेलं. मी शेतकरी माणूस, कायदा-कलम काही माहीत नव्हतं. सरांना जाऊन एकच सांगितलं, सर, आधी लिहा, मग वळा, मग बोला. सर भले माणूस, त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता खडू ठेवून वळतात अन् मग बोलतात. बाक खिडकीकडचा दिला. पहिल्या चाचणीत वीसात नऊ होते, सहामाहीनंतर पंधरा.

बाकी आमच्याकडे तपासणीला जिल्ह्याला जाणं म्हणजे मजुरीचा दिवस बुडतो. मुलीला समग्र शिक्षा या सरकारी योजनेचा महिन्याला २०० रुपये भत्ता आहे, दहा महिने. त्यात मशीनच्या बारक्या गोल बॅटऱ्याच येतात. पण सांगायचं हे की सगळ्यात मोठा फरक पडला तो एक पैसाही न लागता.

---

गणितमास्तर (कोल्हापूर)
१६ जून, रात्री ११:२०

मी हायस्कूलला गणित शिकवतो, बावीस वर्षं. वर्गात बासष्ट मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, त्यात हजेरी. बी.एड.ला आम्हाला या विषयावर फारसं काही शिकवलं नव्हतं. जे शिकलो ते मुलांकडून.

एका मुलाचे आकडे कायम घसरायचे. उदाहरण बरोबर मांडायचा, आणि बेरजेत दशकाखाली एकक यायचा. मी त्याला दोन वर्षं 'निष्काळजी' म्हणत आलो. मग एका विशेष शिक्षिकेने सांगितलं, याला चौकटीची वही द्या. एका चौकटीत एक आकडा. पंधरा दिवसांत निम्म्या चुका गेल्या. त्या मुलाला मी जे बोललो ते मला अजून टोचतं.

ताईंचा अंकगणिताचा प्रश्न. मंडळात दहावीला गणिताऐवजी सातवीचं अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा विषय हा पर्याय डिस्कॅल्क्युलियाच्या मुलांना मिळतो. ज्याला आकडाच लागत नाही त्याला हा पर्याय खरंच तारतो. पण तुमच्या मुलाने मिक्सरची मोटर उघडली म्हणता. उद्या तो इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाकडे किंवा अकरावी विज्ञानाकडे वळला तर गणित सोडल्याने दारं अडतील. प्रवेशाचे नियम आधी वाचा, मग ठरवा. गणित ठेवूनही हातात पुष्कळ आहे. बीजगणित आणि भूमिती दोन्ही पेपर ४० गुणांचे, दोन-दोन तासांचे. तासाला २० मिनिटं या हिशेबाने प्रत्येकी ४० मिनिटं जादा मिळतात. कॅल्क्युलेटर मिळतो. कमी पडलं तर २० सवलतीचे गुण आहेत. माझा सल्ला, नववीची सहामाही कॅल्क्युलेटर घेऊन देऊ द्या. त्यात काय होतं ते बघून निर्णय घ्या. आणि कॅल्क्युलेटर आत्तापासून हातात द्या. दहावीच्या पेपरला पहिल्यांदा हातात आला तर त्याला कंस कुठे दाबायचा तेही कळणार नाही.

शाळेकडे काय मागायचं ते एका शिक्षकाच्या नजरेतून सांगतो. "माझ्या मुलाकडे लक्ष द्या" असं म्हणू नका. आम्ही हो म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो, कारण लक्ष देणं म्हणजे नेमकं काय ते आम्हाला कळत नाही. नेमकी गोष्ट मागा. फळा पुसण्याआधी फोटो काढू द्या. चाचणीचा प्रश्न वाचून दाखवा. शुद्धलेखनाचे गुण इतिहासात कापू नका. रानवारा भाऊंनी मागितलं तसं.

---

अबोली_ठाणे
१७ जून, दुपारी ३:४०

आमची वाट वेगळी, म्हणून सांगते. लेकीला सेरेब्रल पाल्सी आणि थोडी बौद्धिक अडचण. आठवीनंतर आम्ही शाळा सोडून मुक्त विद्यालयाकडे वळलो, एनआयओएस. पाच विषय लागतात, त्यात एक भाषा हवीच, गणित सक्तीचं नाही. तिने मराठी, गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री आणि व्यवसाय अध्ययन घेतलं. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत जाता येतं. दोन वर्षांत तिचे पाचही विषय निघाले. निकालाच्या दिवशी तिने स्वतः आजीला फोन लावून सांगितलं.

पण याची किंमत मोठी आहे. मधली सुट्टी गेली. डबा वाटून खाणं गेलं, वाढदिवसाला वर्गात चॉकलेटं वाटणं गेलं. दोन वर्षं तिच्या वयाचं एकही मूल आमच्या घरी आलं नाही. पोर हळूहळू गप्प होत गेली आणि ते परत जुळवायला आम्हाला अजून मेहनत घ्यावी लागतेय. त्यामुळे ज्यांचं मूल शाळेत टिकू शकतं त्यांनी एनआयओएसची घाई करू नका. आधी शाळेशी भांडा, म्हणजे मनापासून आणि चिकाटीने भांडा.

ज्यांची मुलं ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांग आहेत त्यांनी अठरा पूर्ण व्हायच्या आधी नॅशनल ट्रस्ट या केंद्राच्या संस्थेमार्फत मिळणाऱ्या कायदेशीर पालकत्वाचं बघून ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानीय समिती ते देते. 'निरामय' विमाही त्यातलाच, एक लाखापर्यंत.

---

काठी_कीबोर्ड (पुणे)
१७ जून, रात्री १०:३०

मी जन्मांध, आता बँकेत आहे. २००९ ला दहावी केली. लेखनिकाबद्दल कुणी तरी सविस्तर लिहायला हवं म्हणून लिहितो.

लेखनिक मिळणं ही अर्धीच गोष्ट झाली. लेखनिकाला सांगता येणं ही वेगळी विद्या आहे आणि ती शाळेत कुणीही शिकवत नाही. नियमाप्रमाणे लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो. माझा आठवीतला होता, गुणी मुलगा, पण भूमितीच्या पेपरात मी "समलंब चौकोन" म्हटल्यावर तो थांबला. त्याला तो शब्दच नवा. मी समजावून सांगायला लागलो तर पर्यवेक्षक जवळ येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं आम्ही उत्तर ठरवतोय. माझे हात घामेजले आणि पुढचा प्रश्न डोक्यातून गेला. इतकी वर्षं झाली, तो सेकंद अजून आठवतो.

म्हणून नववीपासूनच सराव करा. महिन्यातून दोनदा, घड्याळ लावून. "नवीन ओळ", "स्वल्पविराम", "कंसात" हे सगळं तोंडाने म्हणावं लागतं. आधी मनात अख्खं वाक्य जुळवायचं आणि मगच बोलायचं. अर्धं बोलून "नाही नाही, खोड" म्हटलं की वेळ जातो आणि लेखनिकही गोंधळतो. डिस्लेक्सियाच्या मुलांना हे आमच्याइतकंच लागू आहे. ती मुलं बोलताना उत्तम असतात, पण उत्तरपत्रिकेच्या भाषेत बोलायची त्यांना सवय नसते.

ताई, कार्डाबद्दल. प्रमाणपत्रावरची दिव्यांगत्वाची टक्केवारी ४० च्या खाली आली तर सगळं संपलं असं काही जण सांगतील. २०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात, लिहिण्याची अडचण असलेल्या उमेदवाराला टक्केवारीची अट न लावता लेखनिक द्यायला हवा असा निकाल दिला. तो खटला यूपीएससीचा होता, पण त्यानंतर २०२२ मध्ये ४० टक्क्यांखालच्यांसाठी केंद्राच्या वेगळ्या सूचनाही आल्या. त्यामुळे त्या आकड्याला घाबरून तपासणी टाळू नका.

---

उशिरा_कळलं
१८ जून, रात्री १२:१०

मी एकवीस वर्षांची. काकांसाठी लिहितेय, म्हणजे गोदाकाठ काकूंच्या यजमानांसाठी.

मला डिस्लेक्सिया आहे हे बारावी नापास झाल्यावर कळलं. त्याआधी माझ्याजवळ कुठलं कार्ड नव्हतं, पण शिक्का होता. आळशी. कामचुकार. "हिच्या भावाला बघा." तो शिक्का घरच्यांनी मारला, शाळेने मारला आणि शेवटी मीच स्वतःवर मारून घेतला. ज्या दिवशी डॉक्टरांनी त्याला नाव दिलं त्या दिवशी मी रिक्षात बसून खूप रडले, पण ते बरं वाटल्याचं रडणं होतं. काका, कार्ड पाकिटात राहतं, कुणाला दाखवायचं ते आपण ठरवतो. दुसरा शिक्का चेहऱ्यावर राहतो.

---

गोदाकाठ
१८ जून, सकाळी ८:३०

@उशिरा_कळलं, तुझा प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर म्हणाले, "पोर्टलला कोणकोणती कागदपत्रं लागतात?" बाळा, तुझे फार फार आभार.

---

जर्सीकर (न्यू जर्सी)
१९ जून, सकाळी ६:४५

माझा मुलगा सतरा वर्षांचा, ऑटिस्टिक. इथली पद्धत थोडी सांगते, तुलना म्हणून नाही, त्यातून काय उचलता येईल म्हणून.

अमेरिकेत याचा कायदा १९७५ पासून आहे आणि तो मुळात शिकवण्याचा आहे. प्रत्येक मुलाची वर्षाची लेखी योजना, आयईपी. मूल आज कुठे आहे, वर्षअखेरीला कुठे पोचवायचं, कोण काय करणार, आठवड्यातून किती वेळा. हायस्कूलमध्ये त्यात 'शाळेनंतर काय' हा भागही येतो, सोळाव्या वर्षापर्यंत यायलाच हवा, आमच्या राज्यात चौदाव्या वर्षापासून. आणि त्या बैठकीला मुलाला बोलावतात. माझ्या मुलाने पहिल्या बैठकीत एकच वाक्य म्हटलं, "मला एकट्याने बसने जायचंय." आम्ही गणिताचं आणि वाचनाचं काय काय ठरवून गेलो होतो! त्या वर्षी त्याच्या योजनेत बसचा प्रवास आला. आधी शिक्षिका शेजारी, मग चार सीट मागे, मग बसच्या मागून गाडीत. आता तो एकटा जातो. गरज असेल तर इथे एकविसाव्या वर्षापर्यंत शाळा सेवा देते, त्यामुळे अठरा झाले की हात सोडला असं होत नाही.

सगळं आपोआप होतं असं मात्र समजू नका. एका वर्षी कागदावर आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी होती, थेरपिस्ट रजेवर गेल्या आणि सात आठवडे काहीच झालं नाही. शाळेने सांगितलंही नाही. मी साध्या वहीत तारखा लिहून ठेवत होते म्हणून ते तास नंतर भरून मिळाले. गोदाकाठताई, तुमच्याकडे असा कागद कायद्याने बंधनकारक नसेलही, पण एका पानाचा कागद तुम्ही स्वतः करून नेऊ शकता. वरच्या अर्ध्या पानात त्याला काय येतं ते लिहा. मिक्सरचं आधी लिहा. खालच्या अर्ध्यात चार मागण्या, चारच. आणि मुलाला सोबत न्या.

---

पाटी_पेन्सिल
१९ जून, दुपारी १:०५

जर्सीकरांच्या म्हणण्याला दुजोरा. चारच मागण्या. आणि बैठकीनंतर जे ठरलं ते त्याच दिवशी पत्राने मुख्याध्यापकांना द्या, पोच घ्या. बदली झाली, सर बदलले तरी कागद राहतो. लेखनिकाच्या आणि सवलतींच्या प्रस्तावाला शाळेमार्फत विभागीय मंडळाची मंजुरी लागते, त्याची आठवण त्याच पत्रात करून ठेवा.

---

गोदाकाठ
२३ ऑगस्ट, रात्री ९:४०

दोन महिने झाले, उशीर झाला त्याबद्दल माफी असावी. तपासणीच्या पाच फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला ह्यांनी रजा काढली. प्रमाणपत्र मागच्या आठवड्यात हातात आलं.

शाळेत एका पानाचा कागद घेऊन गेलो, तिघंही. वर मिक्सरचं लिहिलं होतं. विज्ञानाच्या बाईंनी ते वाचलं आणि लेकाला विचारलं, "कार्बन ब्रश का झिजतो रे?" तो खाली बघूनच, पण सलग तीन-चार मिनिटं बोलला. घर्षण, ठिणग्या, सगळं. बाई आमच्याकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, "हा वर्षभर माझ्या वर्गात होता आणि मी याला कधी बोलतं केलं नाही." त्यांचा आवाज जरा कापला. मला त्यांचा राग आला होता तो तिथेच गेला.

चार मागण्यांपैकी तीन मान्य झाल्या. फळ्याचा फोटो वर्गातला एक मुलगा बाईंच्या फोनवर काढतो आणि बाई मला पाठवतात. चाचणीचे प्रश्न वाचून दाखवतात. इतिहास-भूगोलात शुद्धलेखनाचे गुण कापत नाहीत. कॅल्क्युलेटरला गणिताचे सर अजून तयार नाहीत, "मग शिकणार काय" म्हणतात. गणितमास्तर, तुमचा प्रतिसाद छापून त्यांना देऊ का? अंकगणिताचं सहामाहीनंतर ठरवणार. डिप्लोमाचं त्याच्याही डोक्यात आहे, हे बैठकीतच कळलं.

लेखनिक म्हणून आमच्याच इमारतीतली आठवीतली मुलगी ठरली आहे, मंजुरी पुढच्या वर्षी घेऊ. रविवारी दोघं सरावाला बसतात. पहिल्या दिवशी "स्वल्पविराम" म्हणताना दोघांना इतकं हसू आलं की काही लिहूनच झालं नाही. मागच्या रविवारी सव्वा पान झालं.

एक मदत हवी आहे. ई-बालभारतीवरून पुस्तकांच्या पीडीएफ घेतल्या, फोन वाचून दाखवतो, पण यंत्राचा आवाज त्याला पाच मिनिटांच्या वर ऐकवत नाही. माझ्या आवाजात रेकॉर्ड करून दिलं तर अख्खा धडा ऐकतो. पण माझी नोकरी आणि घर सांभाळून आठवड्याला एकच धडा होतो. कुणाकडे नववीचे धडे माणसाच्या आवाजात आहेत का? आणि जूनपासून जुलैपर्यंतच्या वह्या अजून अर्ध्या कोऱ्याच आहेत, त्याचंही काही सुचत नाहीये.

---

जर्सीकर
२३ ऑगस्ट, रात्री १०:२५

इतिहासाचे पहिले दोन धडे मी वाचते. रात्री घर शांत असतं, शनिवारपर्यंत पाठवते. भूगोल कोण घेतंय?

---

उशिरा_कळलं
२३ ऑगस्ट, रात्री १०:५०

भूगोल मी. मला वाचायला वेळ लागतो, पण मी दोनदा वाचून मग रेकॉर्ड करीन.

---

गणितमास्तर
२३ ऑगस्ट, रात्री ११:३०

खुशाल छापून द्या. सरांना माझा निरोप सांगा, भेटायचं असेल तर मी दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला बहिणीकडे येतोय.

---

रानवारा
२४ ऑगस्ट, सकाळी ६:१०

ताई, माझ्या लेकीच्या नववीच्या सगळ्या वह्या घरी आहेत, मराठी माध्यमच. तिला ऐकू कमी येते म्हणून ती फळ्यावरचा शब्दन् शब्द उतरवते, एकही ओळ सोडत नाही. काल तिला तुमच्या पोराच्या कोऱ्या पानांचं सांगितलं तर तिनेच वह्या काढून, झटकून, दोरीने बांधून ठेवल्या. म्हणाली, विज्ञानाची सर्वात वर ठेवा. निरोपात पत्ता पाठवा, आज बाजाराचा दिवस आहे, पोस्टात टाकून येतो.